पूर्णगडची तर

माझ्या मुलाने गेल्या वर्षी सात जणांची गाडी घेतली आणि नाताळच्या सुट्टीत ती घेऊन तो पुण्याहून रत्नागिरीला आला. सूनबाई साताऱ्याकडची. तिने गणपतीपुळं पाहिलेलं. त्यापलीकडचं कोकण पाहिलेलं नव्हतं. म्हणून मुलाने मोबाइलवर गावांची यादी केली: पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, राजापूर. सकाळी सातला निघायचं नि दिवेलागणीला घरी.

"एका दिवसात एवढी गावं?" आत्या म्हणाली. "आमच्या वेळी राजापूर म्हणजे वाटेत मुक्काम."

आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "मी पण येते."

आम्ही सगळे गप्प झालो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय वर्षं त्र्याऐंशी. तिचा जन्म गावखडीचा, लग्न होऊन राहिली रत्नागिरीत. दोन्हींमध्ये अंतर ते काय! पण आठव्या वर्षी तिने गावखडी सोडली ती सोडलीच. पूल झाला, गाड्या सुरू झाल्या, भावकीतली लग्नं झाली, मुंजी झाल्या. आत्या गेली नाही. माझे वडील असेपर्यंत तेही तिला कधी 'चल' म्हणाले नाहीत.

याचं कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. १९५० सालच्या आषाढात माझी आजी बाळंतपणात अडली. वैद्य पावसला, म्हणजे खाडीच्या पलीकडे. मधे मुचकुंदी नदीची खाडी. ही नदी माचाळच्या बाजूने सह्याद्रीतून उतरते आणि पूर्णगडाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठाला पूर्णगड, अलीकडे गावखडी, आणि दोन्हींमध्ये ये-जा करायला तर. तरीची होडी रात्री पूर्णगडच्या काठाला असायची. आजोबांनी झावळ्यांची चूड पेटवली, पावसात विझेल म्हणून डोक्यावर सूप धरून ती हलवत राहिले, हाका मारत राहिले. आत्या त्यांच्या शेजारी उभी होती. होडी आली नाही. पहाटे आजी गेली, पोटातलं बाळही गेलं. तेरावा झाल्यावर आजोबांनी घराला कडी घातली, दोन्ही मुलांना घेतलं आणि रत्नागिरी गाठली.

"तरवाल्याने चूड पाहिली नि दार लावून घेतलं." एवढं एक वाक्य आमच्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. मीही ते लहानपणी ऐकलं. पुढे शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला, पुरावा म्हणजे काय ते मुलांना फळ्यावर लिहून दिलं. पण हे वाक्य कधी तपासून पाहावं असं मनात आलं नाही. घरातल्या गोष्टीला पुरावा कोण मागतो?

सकाळी निघालो. पुढे मुलगा नि मी, मधे आत्या, बायको नि सूनबाई, आणि सगळ्यात मागे सहा वर्षांची नात, खाऊच्या पिशव्यांच्या राज्यात. काजळी नदीवरचा भाट्याचा पूल ओलांडला तेव्हा ओहोटी होती आणि राजिवड्याच्या होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचं दर्शन घेतलं. स्वामी १९७४ साली १५ ऑगस्टला गेले. आत्या सांगायला लागली की त्या दिवशी रत्नागिरीहून माणसं कशी लोटली होती. ती मोकळेपणाने बोलत होती. पूर्णगडचा उतार लागला तशी गप्प झाली.

पुलावर गाडी चढली. डावीकडे खाडी आत वळत गेलेली, उजवीकडे मुखाशी पांढरी लाट फुटत होती. सूनबाई म्हणाली, "अय्या, थांबवा ना, फोटो काढू." मी आरशातून मागे पाहिलं. आत्याने डोळे गच्च मिटले होते आणि पदराचं टोक मुठीत धरलं होतं. "पुढे चल," मी मुलाला म्हणालो. पूल संपला. नात मागून म्हणाली, "एवढाच?"

एवढाच. एक मिनिटही लागलं नाही.

गावखडीत सुरूच्या बनाशी थांबलो. इथल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालायला येतात आणि गावातली माणसंच त्या अंड्यांची राखण करतात, म्हणून हल्ली लांबून लोक येतात. आमच्या घराकडे जाणारी पाखाडी मात्र आत्याने स्वतः शोधली. जांभ्याच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना गडगा, वर पोफळी. घर चुलत्यांच्या वाट्याला गेलेलं; आता ते मुंबईला असतात आणि घराला कुलूप. मागल्या अंगणात उभी राहून आत्या म्हणाली, "अरे, हे मागलं दार. गाडी मागल्या दारी आली."

तिचं बरोबर होतं. घराची पडवी, तुळशीवृंदावन, खळं सगळं खाडीकडे तोंड करून. रस्ता आता आला तो घराच्या पाठीमागून, जिथे पूर्वी शेणी थापायचे तिथून. त्यानंतर दिवसभर मी हेच पाहत राहिलो. या पट्ट्यातली जुनी वस्ती पाण्याकडे पाहत बसलेली आहे. मीठ, कौलं, तांदूळ, लग्नाचं वऱ्हाड, मुंबईहून येणारा चाकरमानी, सगळं पाण्याने यायचं. बोट बंदराबाहेर उभी राहायची, पडावातून माणसं धक्क्याला लागायची. रस्ते नि पूल झाले, बोट बंद झाली आणि गावांची पुढली दारं मागली झाली. आपण गाडीतून 'काय सुंदर गाव आहे' म्हणतो, ते पाहत असतो गावाच्या पाठीकडे.

कशेळीला तर देवही पाण्यानेच आला. तिथलं कनकादित्याचं देऊळ म्हणजे कोकणातलं सूर्याचं जुनं ठाणं. रथसप्तमीला मोठा उत्सव असतो. लोक सांगतात की सौराष्ट्राकडून एक व्यापारी सूर्याची मूर्ती गलबतात घालून दक्षिणेकडे निघाला होता. कशेळीच्या समोर गलबत अडलं, काही केल्या हलेना. तेव्हा त्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या कड्यातल्या घळीत ठेवली आणि गलबत सुटलं. गावातल्या कनका नावाच्या बाईला दृष्टान्त झाला, तिने गावकऱ्यांकरवी मूर्ती वर आणवली. म्हणून देव कनकादित्य आणि ती जागा देवघळी. आम्ही देवघळीच्या वर उभे राहून खाली पाहिलं. पाणी कड्यात शिरून घुमत होतं. आत्या म्हणाली, "देवाचं गलबत अडलं तर गोष्ट होते."

पुढचं ती बोलली नाही.

कशेळीला दंतकथेखेरीज ताम्रपटही आहे. कोल्हापूरच्या शिलाहारांपैकी दुसऱ्या भोजाने शके १११३ म्हणजे इ.स. ११९१ साली हे गाव दान दिलं, रोज बारा ब्राह्मणांना जेवण मिळावं म्हणून. त्यात आजच्या आडिवऱ्याचं नाव 'अट्टविरे' असं येतं. आठशे वर्षांपूर्वी कोणाच्या पानात किती जणांचं वाढायचं ते आपल्याला तांब्यावर वाचायला मिळतं. ते पिकवत कोण होतं त्यांचं नाव मात्र नाही. आणि त्याहून जुनं, गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळात कोरलेला हत्ती. एवढा मोठा की त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. कोकणातल्या या कातळशिल्पांची नोंद २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत झाली. आमच्या लहानपणी सड्यावरची असली चित्रं म्हणजे पांडवांची, एवढ्यावर विषय संपायचा. नात हत्तीच्या सोंडेपासून शेपटीपर्यंत कडेकडेने चालत गेली आणि परत येऊन म्हणाली, "ज्यांनी काढला त्यांना तो पूर्ण दिसला असेल का?" मला उत्तर देता आलं नाही.

आडिवऱ्याला महाकालीचं दर्शन घेतलं आणि पुढे सड्यावरून राजापूर. तिथे एका खाणावळीत जेवलो. उकड्या तांदळाचा भात, बांगडा, सोलकढी. सूनबाईने दोनदा सोलकढी घेतली तेव्हा आत्या प्रसन्न झाली.

राजापूर हे माझं शिकवायचं गाव. म्हणजे मी तिथे शिकवलं नाही, पण दरवर्षी वर्गात एकदा तरी राजापूरला जायचो. अर्जुना आणि कोदवली यांच्या संगमावरचं हे गाव विजापूरकरांचं मोठं बंदर होतं. समुद्रापासून इतकं आत असूनही गलबतं खाडीने इथवर यायची आणि अणस्कुऱ्याच्या घाटाने माल वर देशावर जायचा. १६४९च्या सुमारास इंग्रजांनी इथे वखार घातली. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा दिला तेव्हा या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन विजापूरकरांच्या मदतीला गेले आणि किल्ल्यावर डागू लागले. महाराजांनी ते लक्षात ठेवलं. १६६१ साली ते राजापुरावर आले, वखार लुटली, हेन्री रेव्हिंग्टन आणि त्याचे सोबती कैद झाले. ते सुटले १६६३ साली.

इथपर्यंत वर्गात टाळ्या पडायच्या. त्यानंतरचा भाग मी सहसा उरकून टाकायचो. इंग्रजांनी राजापूरच्या नुकसानीचा हिशोब सोडला नाही. वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, वकील पाठवले. १६७४ साली राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला त्या वाटाघाटींतही हा विषय होता आणि भरपाईचा आकडा दहा हजार होन असा ठरला. इंग्रजांच्या कागदात त्यांचं काय गेलं ते ओळीओळीने लिहिलेलं आहे. पन्हाळ्यावर त्यांच्या तोफांनी काय गेलं, ते त्या कागदात तितक्या बारकाईने कशाला येईल? लिहिणारा आपल्या काठावर उभा राहून लिहितो.

हे मी मुलाला नि सूनबाईला सांगत होतो. आत्या मागे पान लावत होती. तिने विचारलं, "म्हणजे तोफा डागल्या त्यांनीच, नि भरपाई मागितली पण त्यांनीच?"

"हो."

"आणि मिळायची ठरली?"

"ठरली."

"मागणाऱ्याला मिळतं," आत्या म्हणाली.

आता राजापूरपर्यंत गलबत येत नाही. नदीने गाळ आणून खाडी भरून टाकली, बंदराचं गाव बाजाराचं गाव झालं, आणि पाणी आता फक्त पावसाळ्यात येतं, ते पूर होऊन जवाहर चौकात.

परतीला मुलाने लांजा-हातखंब्यावरून हायवेने जायचं ठरवलं होतं. आत्या म्हणाली, "आल्या वाटेने चला. मला तरीवर उतरायचंय."

"गावखडीच्या काठाला?"

"नाही. पलीकडे. होडी असायची तिथे."

पूर्णगडला पोचलो तेव्हा साडेचार वाजले असतील. मुलगा, सूनबाई नि नात किल्ला पाहायला वर गेली. लहानसाच किल्ला, पण नीट आहे; दरवाजावर गणपती, चंद्र-सूर्य कोरलेले. बायको गाडीतच डुलक्या घेत होती. मी आत्याला धरून खाली धक्क्याकडे नेलं. जुन्या तरीचे चार-पाच चिरे तेवढे शिल्लक होते, अर्धे चिखलात. एक म्हातारा नारळाखाली बसून जाळं सांधत होता. सत्तरीला टेकलेला असेल. त्याने आम्हाला येताना पाहिलं आणि कोकणात जो प्रश्न आधी येतो तो विचारला.

"कोणाकडचे म्हणायचे तुम्ही?"

"गावखडीचे. मूळचे," मी म्हणालो.

"गावखडीत कोणाकडचे?"

आत्याने पुढे होऊन आपल्या वडिलांचं नाव सांगितलं. म्हाताऱ्याच्या हातातली सुई थांबली. त्याने आत्याकडे नीट पाहिलं.

"आषाढात बाई अडली होती, ते?"

"मी त्यांची मुलगी."

"बसा," तो म्हणाला आणि स्वतःच्या बुडाखालचं गोणपाट काढून त्याने चिऱ्यावर घातलं. "त्या रात्री तर माझ्या आजाकडे होती."

आत्या बसली नाही. मला वाटलं, आता ती बोलणार. पंचाहत्तर वर्षं साठवलेलं सगळं या माणसावर ओतणार. मी तिचा हात दाबला. पण आधी तोच बोलला.

"तुमच्यापायी आमची होडी गेली."

त्याने जे सांगितलं ते असं. चूड दिसली तेव्हा त्याचा आजा जेवत होता. आजी नको म्हणाली. वरून पुराचं पाणी लोटलेलं, त्यात ओहोटी लागलेली. अशा वेळी मुखाकडे जी ओढ असते ती दिवसाढवळ्या पण माणसाला आवरत नाही. आजा म्हणाला, उगाच कोण चूड लावत नाही. एकटाच गेला. खाडीच्या मध्यावर वल्हं मोडलं. होडी मुखाकडे ओढली गेली आणि गडाखालच्या खडकावर फुटली. पहाटे लोकांनी आजाला खडकातून वर काढलं. उजवा खांदा कामातून गेला तो गेलाच. दुसरी होडी घेईपर्यंत दोन वर्षं गेली. म्हाताऱ्याचा बाप तेव्हा बारा वर्षांचा; त्याची शाळा सुटली आणि मुंबईला हॉटेलात भांडी घासायला लागला.

"आमच्या घरात काय म्हणायचे माहितीय?" तो म्हणाला. "गावखडीवाल्यांनी एका शब्दाने विचारलं पण नाही. घराला कडी घालून निघून गेले."

कोणी काही बोललं नाही. भरती लागली होती आणि पाणी चिऱ्यांच्या फटींतून वर येत होतं.

मी पलीकडे पाहत होतो. गावखडीचा काठ इथून स्वच्छ दिसतो. आषाढातल्या रात्री, मुसळधार पावसात, इथून पेटती चूड तेवढी दिसली असेल, हाका ऐकू आल्या नसतील. आणि चूड धरणाऱ्या माणसाला तर त्या उजेडापलीकडचं काहीच दिसलं नसणार. काळोखात निघालेली होडी नाही, मोडलेलं वल्हं नाही. आमच्या घरातलं कोणी खोटं बोललं नव्हतं, यांच्या घरातलंही नाही. होडी आली नाही हे खरं आणि होडी निघाली होती हे खरं. दोन्ही घरांनी आपापल्या काठावरून दिसलं तेवढं जपून ठेवलं आणि मधली खाडी कोणी ओलांडली नाही. पूल होऊनसुद्धा नाही.

म्हाताऱ्याच्या सांगण्याला पुरावा काय, असा प्रश्न माझ्यातल्या मास्तराला पडला. मग वाटलं, आपल्या वाक्याला तरी कुठे होता?

बऱ्याच वेळाने आत्याने विचारलं, "किती रुपयांची होती रे होडी?"

"आता काय त्याचं आत्याबाई?"

"विचारते ना."

"दीडशेची म्हणायचा बाप."

आत्याने मान हलवली. मग ती त्या गोणपाटावर बसली आणि आजाचा खांदा शेवटपर्यंत दुखायचा का, आजी पुढे किती वर्षं होती, बापाने मुंबईहून परत कधी येऊन होडी घेतली, असं एकेक विचारत राहिली. म्हातारा एका हाताने जाळं धरून सांगत राहिला. किल्ल्यावरून मुलं खाली आली, हॉर्न वाजला, तरी दोघं उठेनात. शेवटी म्हाताऱ्याची सून काळा चहा घेऊन आली.

माघात आत्याने मला पुन्हा पूर्णगडला न्यायला लावलं. या वेळी आम्ही दोघंच होतो, एस.टी.ने. तिने एका जुन्या पाकिटात दीडशे रुपये आणि वर एक नारळ असं म्हाताऱ्याच्या हातात ठेवलं. तो घेईना. "पंचाहत्तर वर्षांनी कसले पैसे?" म्हणाला. आत्या म्हणाली, "तुम्ही मागितले नाहीत म्हणून राहिले." मग त्याने पाकीट आत नेऊन देवापुढे ठेवलं आणि येताना कागदात बांधलेले सोडे घेऊन आला.

परतीची एस.टी. गावखडीवरून येणारी होती. आत्या म्हणाली, पलीकडे जाऊन बसू, तिथून चढू. म्हणून आम्ही पुलावरून चालत निघालो. तिला चालायला वीस मिनिटं लागली. मध्यावर ती कठड्याला धरून थांबली, खाली पाहिलं, मग मुखाकडे पाहिलं, गडाखालचे खडक पाहिले.

"केवढं पाणी आहे रे," ती म्हणाली. "लहानपणी एवढं वाटलं नव्हतं."